पेन टॅबलेट घेताय? आधी एक अनुस्वार देऊन पाहा

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी जपून ठेवलेल्या आहेत. रुग्णाला काय त्रास होता, त्यावर कोणते उपचार केले हे त्यात लिहिले आहे आणि काही नोंदींसोबत त्या डोळ्याचे हाताने काढलेले चित्रही आहे. सरफोजीराजे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. काही गोष्टी शब्दांत सांगून भागत नाही, त्या काढून दाखवाव्या लागतात, हे तेव्हाच्या नोंद करणाऱ्यांना ठाऊक होते.

आज पेन टॅबलेट घ्यायला निघालेल्या घराची गरज याहून फार वेगळी नाही. मुलीला कॉलेजात आकृत्यांसकट टिपणे काढायची असतात. धाकट्याला चित्रे काढायची असतात. आईला किंवा बाबांना पीडीएफवर खुणा करून ती परत पाठवायची असते. दुकानात गेल्यावर मात्र पहिला प्रश्न येतो बजेटचा आणि उत्तर मिळते कंपनीच्या नावात. पंचवीस-तीस हजार रुपये जातात आणि सहा महिन्यांनी तो टॅबलेट मालिका पाहण्यापुरता उरतो, कारण त्यावरचे पेन हाताला बसलेच नाही.

तंजावरच्या मराठी घरात या खरेदीला आणखी एक पदर आहे. घरात मराठी, रस्त्यावर तमीळ आणि वर्गात इंग्रजी, म्हणजे एकाच हाताला तीन लिप्या लिहायच्या असतात. जुन्या कागदपत्रांची आवड असेल तर चौथी मोडीही आहेच. जाहिरातीत पेन चालताना दिसते ते इंग्रजी अक्षरांवर. आपल्या अक्षरांवर ते कसे चालते हे आपणच तपासायचे असते. ते कसे तपासायचे आणि कशासाठी किती पैसे मोजायचे, ते पाहू.

आधी काम ठरवा, मग वस्तू

दुकानात जाण्यापूर्वी घरी बसून एका कागदावर लिहा की हे पेन आठवड्यातून किती वेळा, कोण आणि कशासाठी वापरणार आहे. बहुतेक घरांची गरज पुढीलपैकी एका प्रकारात बसते.

टिपणे काढणारा हात : कॉलेजचा विद्यार्थी, शिक्षक, संशोधक. रोज तीन-चार तास लिहायचे, पुस्तकाच्या पीडीएफवर खुणा करायच्या, मध्येच आकृती काढायची. याला हलका, दिवसभर चार्जिंग टिकणारा आणि तळहात टेकला तरी न गोंधळणारा टॅबलेट हवा. पेनाचा दाब किती बारकाईने ओळखला जातो, याला इथे फारसे महत्त्व नाही.

चित्र काढणारा हात : चित्रकलेचा विद्यार्थी, डिझायनर, तंजावर शैलीत काम करणारा कारागीर. याला दाबाप्रमाणे जाड-बारीक होणारी रेघ, पेन तिरपे धरल्यावर मिळणारी छटा आणि मोठा पडदा हवा.

शिकणारा हात : शाळेतले मूल, नुकतीच आवड लागलेली व्यक्ती. याला महागडे काहीही नको. आवड टिकते का, हे आधी पाहायला हवे.

एकाच टॅबलेटवर घरातले तिघे काम करणार असतील, तर जो सर्वांत जास्त तास वापरणार त्याच्या गरजेने निवड करा. सगळ्यांचे थोडे थोडे साधायला गेलात तर कोणाचेच काम नीट होत नाही.

बाजारातले चार प्रकार

पेन टॅबलेट या एका नावाखाली चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात. ऑनलाइन खरेदीत बहुतेक गोंधळ इथेच होतो.

पहिला, बिनपडद्याचा टॅबलेट. ही काळी सपाट पाटी कॉम्प्युटरला जोडायची, पेन पाटीवर फिरवायचे आणि रेघ कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाहायची. वॅकॉम, ह्युऑन, एक्सपी-पेन या कंपन्यांच्या अशा पाट्या साधारण तीन-चार हजारांपासून मिळतात. घरात कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप असेल तर शिकणाऱ्या हातासाठी हाच सर्वांत शहाणा पर्याय. हात एकीकडे आणि नजर दुसरीकडे ही सवय व्हायला काही आठवडे लागतात. घेतल्यावर एक गोष्ट आठवणीने करा. सेटिंगमध्ये पाटीचे आणि पडद्याचे लांबी-रुंदीचे प्रमाण सारखे करून घ्या, नाहीतर हाताने गोल काढला तरी पडद्यावर अंडे उमटते. वर्गात घेऊन बसायला मात्र ही पाटी उपयोगाची नाही.

दुसरा, पडद्याचा टॅबलेट. यात रेघ पेनाखालीच उमटते, पण हाही कॉम्प्युटरला जोडावाच लागतो. एकट्याने तो चालत नाही. ही ओळ वाचायची राहिली म्हणून अनेक जण फसतात. किंमत साधारण पंधरा-वीस हजारांपासून पुढे. एका जागी बसून चित्रे काढणाऱ्यासाठी चांगला.

तिसरा, स्वतंत्र टॅबलेट. आयपॅड, सॅमसंग गॅलेक्सी टॅब, पेनासह चालणारे इतर अँड्रॉइड टॅबलेट आणि विंडोजवर चालणारे सरफेस प्रोसारखे संगणक यात येतात. कुठेही न्या, लिहा, काढा. चांगल्या पेनासह पंचवीस हजारांच्या आसपासपासून सुरुवात होते आणि वर लाखापलीकडेही जाते. टिपणे आणि चित्रे दोन्ही हवी असतील तर बहुतेक घरांचे पाऊल इथेच येऊन थांबते.

चौथा, ई-इंकचा टॅबलेट. याचा पडदा कागदासारखा दिसतो, उन्हात वाचता येतो आणि डोळ्यांवर प्रकाश मारत नाही. वाचन आणि टिपणांसाठी उत्तम, पण रंगीत चित्रांसाठी आणि व्हिडिओसाठी नाही. लक्ष विचलित होऊ नये अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांनीच याचा विचार करावा.

पेनाच्या पोटात काय आहे

टॅबलेटपेक्षा आधी पेनाची चौकशी करा, कारण दिवसभर हातात तेच राहणार आहे. पेनेही तीन प्रकारची असतात.

दोन-तीनशे रुपयांना मिळणारे रबरी टोकाचे पेन कोणत्याही फोनवर चालते. ते फक्त बोटाची जागा घेते. दाब ओळखत नाही आणि तळहात टेकला की रेघ भलतीकडे जाते. यावर वर्षभराची टिपणे काढण्याचा विचारही करू नका.

दुसऱ्या प्रकारच्या पेनात बॅटरी असते. ॲपल पेन्सिल, सरफेसचे पेन आणि बऱ्याच अँड्रॉइड टॅबलेटची पेने या गटातली. काम चोख करतात, पण चार्ज करावी लागतात आणि बॅटरी म्हाताऱ्या झाल्या की पेनच बदलावे लागते.

तिसऱ्या प्रकारात पेनात लिहिण्यासाठी बॅटरीच नसते. पडद्याखालच्या पट्टीतून चुंबकीय लहर निघते, पेनातल्या तारेच्या वेटोळ्याला त्यातूनच शक्ती मिळते आणि ते उलट संदेश पाठवते. वॅकॉमची बहुतेक पेने आणि सॅमसंगच्या गॅलेक्सी टॅब एस मालिकेतले एस पेन अशाच तंत्रावर चालतात. तमीळ देशात ताडपत्रावर लिहिणारे एळुत्ताणी नावाची लोखंडी लेखणी वापरत. तीत शाई नसे. आधी अक्षर कोरायचे, मग काजळी चोळून ते उठवायचे. बिनबॅटरीचे पेन हाताळताना त्या लेखणीची आठवण होते. तीही भरावी लागत नव्हती, हेही भरावे लागत नाही. परीक्षेच्या सकाळी पेन चार्ज करायचे राहिले, ही भीती इथे नाही.

आयपॅड घेणाऱ्यांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. ॲपल पेन्सिल एकच नाही. २०१५ साली पहिली आली, २०१८ मध्ये दुसरी, २०२३ मध्ये यूएसबी-सी असलेली स्वस्त पेन्सिल आणि २०२४ मध्ये पेन्सिल प्रो. प्रत्येक पेन्सिल प्रत्येक आयपॅडवर चालत नाही. त्यातही २०२३ ची यूएसबी-सी पेन्सिल दाब ओळखत नाही. टिपणांसाठी ती पुरेशी आहे, पण चित्र काढणाऱ्या मुलाला ती आणून दिली तर जोरात दाबले काय आणि हलके फिरवले काय, रेघ तेवढीच जाड येईल. साध्या आयपॅडवर दाब हवा असेल तर पहिल्या पिढीची पेन्सिल लागते आणि यूएसबी-सीच्या आयपॅडला ती जोडण्यासाठी वेगळा अडॅप्टर लागतो. दुकानदाराला मॉडेलचे नेमके नाव आणि साल विचारून जोडी जुळते का, हे बिल होण्यापूर्वीच पाहा.

दुकानातली दहा मिनिटांची परीक्षा

शोरूममध्ये मांडलेल्या टॅबलेटवर आपण सगळे जण आपले नाव इंग्रजीत लिहून पाहतो आणि छान म्हणून बाजूला होतो. त्याऐवजी पुढील गोष्टी करून पाहा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

अनुस्वार द्या. नेहमीच्या वेगाने ‘आंबा’, ‘चिंच’, ‘तंजावर’, ‘संध्याकाळ’ असे शब्द दहा-बारा वेळा लिहा. अनुस्वार देताना आपण पेन अगदी हलके टेकवतो आणि उचलतो. काही पेनांना रेघ उमटवायला जरा जास्त दाब लागतो, त्यामुळे हे टिंब गायब होते. दहापैकी दोन अनुस्वार गळले तर ते पेन मराठीसाठी नाही. तमिळमध्येही व्यंजनावर पुळ्ळी म्हणजे टिंब देतात, त्यामुळे घरातल्या दोन्ही भाषांची परीक्षा एकाच टिंबात होते.

शिरोरेघ ओढा. एक लांब ओळ लिहून वर सलग शिरोरेघ द्या. रेघ पेनाच्या मागे रेंगाळते का, मध्येच तुटते का, कडेला पोचल्यावर वाकडी होते का, ते पाहा. मोडी शिकणाऱ्यांना ही परीक्षा जास्तच लागू आहे. मोडी लिहिताना आधी ओळभर रेघ ओढून घेतात आणि मग तिच्याखाली शक्यतो हात न उचलता अक्षरे वळवत नेतात. रेघ मध्येच तुटणारे पेन मोडीला चालत नाही.

तिरकी रेघ सावकाश काढा. पट्टी धरल्यासारखी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत अगदी हळू रेघ न्या. काही पडद्यांवर ती सापासारखी नागमोडी उमटते. भरभर काढली तर हा दोष दिसत नाही, म्हणून मुद्दाम हळू.

तळहात टेकवा. आपण वहीवर टेकवतो तसा पूर्ण हात पडद्यावर ठेवून पाच ओळी लिहा. पान आपोआप सरकते का, नको तिथे ठिपके उमटतात का? डावखुऱ्या व्यक्तीने ही परीक्षा स्वतःच द्यावी, दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नये.

हलके आणि जोरात. एकाच रेघेत सुरुवात अगदी हलकी, मध्ये जोर, शेवट पुन्हा हलका. रेघ बारीक, जाड, बारीक अशी सहज झाली पाहिजे. एकदम उडी मारली तर चित्रासाठी ते पेन नको.

जोडाक्षरे बारीक लिहा. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘द्ध’, ‘ष्ट्र’ वहीत लिहिता तेवढ्याच आकारात लिहा. पेनाचे टोक आणि उमटणारी रेघ यांत अंतर दिसत असेल तर बारीक लिहिताना डोळ्यांना शीण होतो.

ऑनलाइन घेणार असाल तर परत करण्याची मुदत किती आणि कोणत्या अटींवर, हे आधी वाचा आणि पार्सल आल्याच्या दिवशीच ही परीक्षा घ्या.

कोणते आकडे पाहायचे, कोणते सोडायचे

खोक्यावर ४०९६, ८१९२, १६३८४ असे दाबाच्या पातळ्यांचे आकडे मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. ४०९६ च्या पुढचा फरक बहुतेकांच्या हाताला जाणवत नाही. पेन किती हलक्या स्पर्शाला जागे होते हे त्याहून महत्त्वाचे, आणि ते अनुस्वाराच्या परीक्षेत कळते.

पडद्याचा आकार मात्र नीट पाहा. दहा ते अकरा इंची टॅबलेट म्हणजे साधारण ए-५ कागद, आपल्या छोट्या वहीचे पान. ए-४ आकारात छापलेले पुस्तक किंवा प्रश्नपत्रिका त्यावर उघडली की अक्षरे बारीक होतात आणि सारखे मोठे-लहान करावे लागते. ए-४ पान जवळपास मूळ आकारात पाहायचे तर तेरा इंचांच्या पुढे जावे लागते. तसा टॅबलेट महाग आणि जड असतो. दप्तरात रोज न्यायचे असेल तर अकरा इंच, टेबलावर काम असेल तर मोठा, असा सोपा हिशेब ठेवा.

साठवणीची जागा ६४ जीबी असेल तर चित्रे आणि पीडीएफ यांनी ती लवकर भरते. १२८ जीबी घ्या किंवा मेमरी कार्डाची सोय असलेला टॅबलेट पाहा. चित्र काढणाऱ्यांनी रॅमकडेही लक्ष द्यावे, कारण मोठ्या चित्रात एकावर एक किती थर ठेवता येतील हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते.

तंजावरची हवा आणि हाताचा घाम

कावेरीच्या खोऱ्यातला उन्हाळा कडक आणि हवा दमट. ॲपलसारखी कंपनी आपली उपकरणे ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असे सांगते. इथल्या मे महिन्यातली दुपार त्यापुढे सहज जाते. बृहदीश्वराच्या प्रांगणात बसून विमानाचे रेखाटन करायचे असेल तर सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जा. दुपारच्या उन्हात पडदा दिसत नाही आणि टॅबलेट तापून स्वतःच प्रकाश कमी करतो. बंद मोटारीत तो ठेवून देवळात जाऊ नका.

दमट हवेत हाताला घाम येतो आणि हात काचेवर चिकटतो. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट झाकणारा चित्रकारांचा हातमोजा शे-दोनशे रुपयांत मिळतो. तो वापरला की हात सरकतो आणि पडद्यावर डाग पडत नाहीत. काच फार गुळगुळीत वाटत असेल तर कागदासारखा खरखरीत पातळ पडदा वरून लावता येतो. त्याने अक्षर सुधारते, पण पेनाचे टोक लवकर झिजते आणि चित्राचे रंग किंचित फिके दिसतात. म्हणून पेनासोबत जादा टोके मिळतात का आणि नंतर कितीला मिळतात, हे विचारून ठेवा.

दुरुस्ती केंद्र कुठे आहे हेही आधीच विचारा. ते तंजावरातच आहे, तिरुचिरापल्लीला आहे की थेट चेन्नईला, यावर काच फुटल्यानंतरचे किती दिवस वाया जातील ते ठरते. सेमिस्टरच्या मध्यावर तीन आठवडे टॅबलेट नसणे विद्यार्थ्याला परवडत नाही.

लिहायला आणि काढायला कोणते ॲप

सुरुवातीला ॲपवर पैसे खर्च करण्याची गरज नाही. चित्रांसाठी क्रिता हे पूर्ण मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालते. बिनपडद्याच्या पाटीसोबत ते उत्तम जमते. आयपॅडवर प्रोक्रिएट लोकप्रिय आहे. ते एकदाच विकत घ्यायचे असते, पण आयपॅडबाहेर ते चालत नाही. टिपणांसाठी वननोट मोफत आहे, सॅमसंगच्या टॅबलेटवर सॅमसंग नोट्स आधीपासूनच असते आणि कॉम्प्युटरवर पीडीएफवर लिहिण्यासाठी झुर्नल प्लस प्लस हा मोफत पर्याय आहे.

तंजावर शैलीत काम करणाऱ्यांसाठी पेन टॅबलेटचा खरा उपयोग पहिल्या रेखाटनात आहे. या चित्रात फळीवर कापड चिकटवून त्यावर रेखाटन करतात, मग खडूच्या लेपाने काही भाग उठवून घेतात, खडे बसवतात, सोन्याचा वर्ख लावतात आणि रंग भरतात. देवाभोवतीची कमान, खांब, पडदे दोन्ही बाजूंना सारखे असावे लागतात. चित्रकलेच्या ॲपमध्ये आरशाची सोय असते, अर्धी कमान काढली की उरलेली अर्धी आपोआप उमटते. बारा बाय पंधरा इंचांचे चित्र मूळ आकारात स्वच्छ छापायचे असेल तर फाइल उघडतानाच ३६०० बाय ४५०० पिक्सेल असे माप द्या. म्हणजे इंचाला ३०० ठिपके पडतात. नंतर वाढवायला गेलात तर रेघा फाटतात. गिऱ्हाइकाला तीन रचना दाखवून एक ठरवता येते आणि फळी वाया जात नाही. लेप, खडे आणि वर्ख यांचे काम मात्र हातालाच करायचे आहे. वर्खाची चमक पडद्यावर कळत नाही, म्हणून रंगांचा शेवटचा निर्णय टॅबलेटवर घेऊ नका.

हस्ताक्षर ओळखून त्याचा टाइप केलेला मजकूर करून देण्याची सोय बऱ्याच ॲपमध्ये असते, पण ती सर्व भाषांसाठी नसते. गुगलच्या जीबोर्ड कीबोर्डवर मराठी आणि तमिळमध्ये हाताने लिहून मजकूर मिळवता येतो. जे टिपणांचे ॲप वापरणार आहात त्यात मराठी ओळखले जाते का, लिहिलेल्या टिपणांत मराठी शब्द शोधता येतो का, हे दुकानातच एक ओळ लिहून पाहा. ओळखले जात नसेल तर प्रत्येक पानाला टाइप केलेले शीर्षक आणि तारीख देण्याची सवय लावा, म्हणजे निदान पान सापडेल. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली, पण मोडी हस्ताक्षर ओळखण्याची अपेक्षा नेहमीच्या ॲपकडून ठेवू नका. जुन्या कागदाचा फोटो एका थरावर ठेवायचा, वरच्या थरावर पेनाने अक्षरे गिरवायची आणि शेजारी बाळबोधात वाचन लिहायचे, ही मोडी शिकण्याची पद्धत मात्र टॅबलेटवर छान जमते. मूळ कागदाला हातही लावावा लागत नाही.

लिहिलेले टिकले पाहिजे

सगळ्यात कमी विचारला जाणारा प्रश्न हा, की टॅबलेट बिघडला, बदलला किंवा ॲप बंद पडले तर यातले किती हाती राहील? हे नुसते काल्पनिक नाही. गुगलसारख्या मोठ्या कंपनीने आपले जॅमबोर्ड हे फळ्यासारखे ॲप ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद केले. त्यावर वर्षानुवर्षे लिहिणाऱ्या शिक्षकांना त्याआधी आपल्या फाइली काढून घ्याव्या लागल्या.

प्रत्येक ॲप आपल्या स्वतःच्या प्रकारची फाइल बनवते आणि ती बहुतेकदा दुसरीकडे उघडत नाही. म्हणून खरेदीपूर्वीच पाहा की टिपणे पीडीएफमध्ये आणि चित्रे पीएनजी किंवा पीएसडीमध्ये बाहेर काढता येतात का, आणि त्यासाठी दर महिन्याला पैसे तर मोजावे लागत नाहीत ना. पीडीएफ २००८ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, कोणत्याही एका कंपनीवर ते अवलंबून नाही. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळी नवी पाने पीडीएफ करायची, एक प्रत क्लाउडवर आणि एक घरातल्या हार्ड डिस्कवर ठेवायची, एवढा नियम घराने पाळला तरी पुरे. ज्याचा टॅबलेट त्यानेच हे करायचे, म्हणजे जबाबदारी कोणाची यावरून वाद नको.

घरातल्या मोठ्यांनाही या पेनाजवळ बसवा. तंजावरच्या अनेक मराठी घरांत आजीचे मराठी इथल्या मातीत वाढलेले आहे, तिचे शब्द आणि तिच्या पदार्थांची नावे पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत सापडत नाहीत. तिला टाइप करता येणार नाही, पण लिहिता येते. अक्षर मोठे काढायला पडद्यावर जागा आहे, चुकले तर पुसता येते. तिने स्वतःच्या हाताने लिहिलेली एक पाककृती, शेजारी नातीने काढलेले भांड्याचे चित्र आणि खाली तारीख, असे पान पीडीएफ करून परदेशातल्या भावंडांनाही पाठवता येते. अशी वीस पाने झाली तरी टॅबलेटचे पैसे वसूल झाले असे समजा.

पूर्ण हिशेब करा

किमतीच्या पाटीवर फक्त टॅबलेटची किंमत असते. त्यात पेन आहे की नाही ते पाहा. सॅमसंगच्या गॅलेक्सी टॅब एस६ लाइटसारख्या टॅबलेटसोबत पेन खोक्यातच येते, आयपॅडची पेन्सिल वेगळी घ्यावी लागते. त्यात कव्हर, पडद्यावरची काच, जादा टोके आणि लागत असेल तर अडॅप्टर मिळवा. मग दोन टॅबलेटची तुलना करा. पाच हजारांनी स्वस्त वाटणारा कित्येकदा शेवटी महाग निघतो. पेन हरवले तर नवे कितीला पडेल, हेही आधीच विचारा, कारण मुलांच्या हातून ते हरवतेच.

जुना टॅबलेट घ्यायचा असेल तर पडद्याच्या चारही कोपऱ्यांत पेन चालवून पाहा, बॅटरी किती टिकते ते तपासा आणि कंपनी त्याला अजून अपडेट देते का ते बघा.

ढोबळ सल्ला हवा असेल तर असा : शाळेतल्या मुलाची आवड पाहायची असेल तर घरच्या कॉम्प्युटरला जोडायची तीन-चार हजारांची पाटी. कॉलेजच्या विद्यार्थ्याला पेनासह येणारा दहा-अकरा इंची स्वतंत्र टॅबलेट. चित्रावर पोट असणाऱ्याला दाब नीट ओळखणारे पेन आणि परवडेल तेवढा मोठा पडदा. फक्त वाचून टिपणे काढणाऱ्याला ई-इंक. आणि आठवड्यातून एकदाच लिहायचे असेल तर चांगली वही, चांगली पेन्सिल आणि फोनवर स्कॅन करण्याचे मोफत ॲप. यात काही कमीपणा नाही.

टॅबलेट घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात त्यावर व्हिडिओची ॲप टाकू नका. त्या आठवड्यात हाताला पेनाची सवय होऊ द्या. लिहिताना दर वीस मिनिटांनी वीस सेकंद दूर पाहा, डोळ्यांना विश्रांती मिळते. पहिल्या रविवारी त्या आठवड्याची पाने पीडीएफ करून दुसऱ्या एखाद्या फोनवर उघडून पाहा. ती उघडली, अक्षर लागले आणि अनुस्वार जागच्या जागी असले, म्हणजे निवड बरोबर झाली.